आठ-त्रेचाळीस

आमच्या नांदेडला देगलूर नाक्यावर जुनी जीप विकायला आली, की घेणारा पहिल्यांदा विचारायचा, "सेट कोणता?" मॉडेल कोणतं, मालक कितवा, टप कधी बदलला, हे सगळं मागाहून. सेट म्हणजे मागच्या हाउसिंगमधली क्राउन-पिनियनची जोडी. आठ-त्रेचाळीस म्हटलं की पिनियनला आठ दात, क्राउनला त्रेचाळीस. आठ-एकोणचाळीस म्हटलं की तिची थोरली बहीण. जाणकाराला तेवढ्या दोन आकड्यांवरून कळायचं, की टॉप गिअरमध्ये साठने चालताना ही गाडी इंजिनाला मिनिटाला किती फेऱ्या मारायला लावणार, डिझेल किती पिणार, आणि बोअर-पिस्टन किती दिवस साथ देणार. इंजिनाच्या फेऱ्या दाखवणारा काटा त्या जीपांच्या डॅशबोर्डवर नव्हता. खडू, टेप, मनगटावरचं घड्याळ आणि कान, एवढ्यावर मराठवाड्यातला जीपचा धंदा उभा राहिला. माझी उमर त्याच धंद्यात गेली. हा हिशेब गॅरेजातल्या भिंतींवर लिहिला गेला आणि भिंतींबरोबर पुसला गेला, म्हणून तो इथे सविस्तर मांडतो.

आठ दातांची ती पिनियन मुळात आपल्याकडची नव्हे. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेत विलीज कंपनीने लष्करासाठी जी जीप काढली, तिच्यात आठ-एकोणचाळीसचा सेट होता. भागून पाहिलं तर ४.८८. प्रोपेलर शाफ्टच्या ४.८८ फेऱ्या झाल्या, की चाकाची एक फेरी. टायर ६.००-१६चे, अरुंद आणि उंच. इंजिन साठ हॉर्सपॉवरचं, आणि ती ताकद मिळायची मिनिटाला ४००० फेऱ्यांना. युद्ध संपलं. १९४५ मध्ये त्याच कंपनीने शेतकऱ्यासाठी म्हणून सीजे-२ए काढली आणि तिच्यात सेट बदलून आठ-त्रेचाळीस घातला, म्हणजे ५.३८. फौजेच्या गाडीला रस्त्यावर पळायचं होतं, शेतकऱ्याच्या गाडीला नांगर ओढायचा होता. तिचा पहिला गिअर २.८चा, ट्रान्सफर केसचा लो २.४३चा, आणि मागे ५.३८. तिन्ही गुणले की साडेछत्तीस. इंजिन साडेछत्तीस वेळा फिरेल तेव्हा चाक एकदा फिरणार. चाकाचा घेर सव्वादोन मीटरला थोडा कमी धरला, तर इंजिनाच्या एका फेरीत गाडी फक्त सहा सेंटीमीटर पुढे सरकते. हजार फेऱ्यांवर इंजिन ठेवलं, तर तासाला साडेतीन किलोमीटरच्या आसपास, म्हणजे बैलजोडीची चाल. हा आकडा मी पहिल्यांदा कागदावर काढला तेव्हा फार वेळ त्याच्याकडे बघत बसलो होतो. परमुलखातल्या कुणा इंजिनिअराने शेताची चाल समोर ठेवून दात मोजले होते, आणि ते आपल्या काळ्या रानाला बरोबर बसले.

महिंद्रांनी १९४७ पासून मुंबईत विलीजच्या जीपा जुळवायला सुरुवात केली. नांदेड आणि लातूर तेव्हा निजामाच्या राज्यात. निजामाच्या रेल्वेने १९३२ मध्ये सत्तावीस बसगाड्या घेऊन रस्त्यावरची वाहतूक सरकारी खात्यामार्फत सुरू केली होती, पण ती मोठ्या सडकांपुरती. गावोगाव बैलगाडी आणि घोडं हेच वाहन. १३ सप्टेंबर १९४८ला सोलापुराकडून भारताची फौज नळदुर्गाकडे निघाली आणि १७ तारखेला हैदराबाद संस्थान संपलं. आमच्या भागातल्या अनेक म्हाताऱ्यांनी जन्मातली पहिली जीप पाहिली ती त्या दिवसांत. नंतर तहसील, पोलीस, जंगल खातं, पाटबंधारे, सगळ्यांकडे जीपा आल्या. माझे वडील पाटबंधाऱ्यात जीप चालवायचे. १९७२च्या दुष्काळात कामांच्या पाहणीला साहेबांना घेऊन ते कंधार-मुखेडच्या रानोमाळ फिरले. गाडी उंच बोनेटची सीजे-३बी, पेट्रोलवरची, सेट अर्थातच आठ-त्रेचाळीस. वडील सांगायचे, या गाडीला घाई केलेली आवडत नाही. त्यांना गुणाकार माहीत नव्हता, पण पन्नासच्या वर इंजिन ओरडायला लागतं आणि चाळीसला ते सुखाने चालतं, हे त्यांच्या पायाला ठाऊक होतं.

हिशेब समजून घ्यायला साठचा वेग फार सोयीचा. ताशी साठ म्हणजे मिनिटाला बरोबर एक किलोमीटर. टायरच्या बाजूला आणि खाली फरशीवर खडूची एकेक रेघ मारायची, गाडी हाताने ढकलत टायरवरची रेघ पुन्हा खाली येईपर्यंत न्यायची, फरशीवर दुसरी रेघ मारायची आणि मधलं अंतर टेपने मोजायचं. गाडीत माणसं बसवूनच मोजायचं, कारण वजनाने टायर दबतो आणि छापील मापापेक्षा घेर कमी भरतो. ६.००-१६चा टायर भरल्या गाडीखाली २.२० मीटरच्या आसपास भरायचा. हजार मीटरला २.२०ने भागलं की ४५५. साठच्या वेगाला चाक मिनिटाला ४५५ वेळा फिरतं. जुन्या जीपांत टॉप गिअर सरळ, एकास एक. म्हणून ४५५ला सेटच्या आकड्याने गुणलं की इंजिनाच्या फेऱ्या हातात आल्या. आठ-त्रेचाळीसला २४४०. आठ-एकोणचाळीसला २२२०. तीसच्या वेगाला याच्या निम्म्या, नव्वदला दीडपट. वेग कोणताही सांगा, साठला जे उत्तर आलं त्यावरून तोंडी काढता येतं. आमच्या गॅरेजात पहिलीतल्या पोराला पाढे शिकवावेत तसं नव्या पोराला हे आधी शिकवायचे, पाना हातात त्यानंतर.

सेट कोणता आहे हे कधी कधी मालकालाच माहीत नसायचं. हाउसिंगच्या कव्हरच्या बोल्टाखाली दातांचे आकडे ठोकलेली पत्र्याची चकती असायची, पण दोन-चार हात फिरलेल्या गाडीला ती कुठून राहणार. मग एक मागचं चाक जॅकवर उचलायचं, दुसरं जमिनीवर, त्याला पुढून-मागून दगड. गिअर न्यूट्रल. प्रोपेलर शाफ्टवर खडूची खूण करायची. उचललेलं चाक हाताने बरोबर दोन फेऱ्या फिरवायचं आणि शाफ्टच्या फेऱ्या मोजायच्या. दोन फेऱ्या अशासाठी, की एक चाक रोखलेलं असताना मोकळ्या चाकाच्या दोन फेऱ्यांत क्राउनची एकच होते. शाफ्ट पाच वेळा फिरून वर तिसऱ्या हिश्श्याहून थोडा अधिक गेला, तर आठ-त्रेचाळीस. पाचाला जरासा कमी पडला, तर आठ-एकोणचाळीस. सव्वाचार भरला, तर अकरा-सत्तेचाळीस. पावणेचाराच्या किंचित अलीकडे थांबला, तर अकरा-एकेचाळीस. आमचे उस्ताद हैदराबादेत शिकून आलेले, बोलायचे दखनी. पोरगं अंदाजाने सेट सांगायला लागलं की ते एकच वाक्य म्हणायचे, "पैले गिन, बाद में बोल."

खरी उलथापालथ झाली ती डिझेलने. १९७३ नंतर पेट्रोल महागलं आणि पेट्रोलवरची जीप सरकारी खात्यालाच परवडेल अशी वस्तू झाली. लिलावात निघालेल्या जीपा स्वस्तात मिळायच्या, चालवायला महाग पडायच्या. इकडे शिवारात ट्रॅक्टर येऊ लागले होते, आणि ट्रॅक्टरचं डिझेल इंजिन जीपच्या नाकात बसतं हे गॅरेजवाल्यांच्या लवकर ध्यानात आलं. इंटरनॅशनल ट्रॅक्टरच्या कुळातलं चार सिलिंडरचं डिझेल इंजिन तर पुढे कंपनीनेच जीपला दिलं. पण गावठी बदलात एक अडचण होती, आणि ती दाताच्या हिशेबातच लपलेली होती. ट्रॅक्टरचं इंजिन दोन हजार फेऱ्यांच्या आसपास बांधलेलं. त्याचा गव्हर्नर त्याच्यापुढे जाऊ देत नाही. दोन हजाराला ५.३८ने भागा, चाकाच्या फेऱ्या ३७२. त्याला २.२०ने गुणा, मिनिटाला ८१८ मीटर. म्हणजे ताशी एकोणपन्नास, त्याच्यावर एक किलोमीटरही नाही, उताराला सोडलं तर. गाडी डोंगर चढायची, गच्च भरलेला ट्रॉला ओढायची, पण नांदेडाहून लातूरला निघाली की एसटी तिला मागे टाकून जायची. मालक यायचे, तक्रार करायचे की पंप बरोबर नाही, नोझल बघा. पंप ठीक असायचा. दात बदलायला हवे होते.

दात बदलायचे किंवा टायर. त्या दोनच वाटा, आणि लोकांनी दोन्ही धरल्या. मिनीट्रकचे ७.५०-१६ टायर चढवले की घेर २.४५पर्यंत जायचा. तेच ट्रॅक्टरचं इंजिन मग दोन हजारावर पंचावन्न गाठायचं. सेट बदलून अकरा-सत्तेचाळीस घातला आणि टायरही मोठे केले, तर एकोणसत्तर. वीस किलोमीटरचा फरक, इंजिनाला हात न लावता. सेट बदलणं मात्र टायर बदलण्याइतकं सोपं नाही. पिनियन किती खोल बसली आणि क्राउन तिच्यापासून किती लांब राहिला, यात केसाएवढी चूक झाली तरी हाउसिंग पन्नासच्या पुढे रडायला लागतं आणि काही महिन्यांत दात खातं. उस्ताद शेंदूर तेलात कालवून क्राउनच्या चार-पाच दातांवर बोटाने लावायचे, पिनियन फिरवायचे आणि शेंदूर कुठे पुसला गेला ते बॅटरी धरून बघायचे. पुसल्याची खूण दाताच्या मध्यावर, लांबट, पानासारखी आली पाहिजे. टोकाकडे किंवा बुडाकडे सरकली की शिमची पातळ चकती काढ-घाल. कधी सकाळी सुरू केलेलं हे काम दिवेलागणीला संपायचं. त्या घाईच्या धंद्यातही या कामाला त्यांनी कधी घाई केली नाही, आणि मला त्यांच्याकडून मिळालेली सगळ्यात मोठी ठेव म्हणजे ते शेंदराने माखलेलं बोट बघत उभं राहायला मिळालं ही.

१९७९ मध्ये महिंद्रांनी फ्रान्सच्या पेजोशी करार केला आणि त्यातून जीपला एक्सडीपी ४.९० हे डिझेल इंजिन आलं. २११२ सीसी, बासष्ट हॉर्सपॉवर, पण ती साडेचार हजार फेऱ्यांना. ओढ सगळ्यात जास्त दोन हजारांना. ट्रॅक्टरच्या इंजिनापुढे हे अगदी वेगळ्या रक्ताचं होतं, हलकं, फिरायला उत्सुक. त्याच सुमाराला मराठवाड्यात काळी-पिवळी फोफावली. जिथे एसटी दिवसातून दोनदा जायची, तिथे दर अर्ध्या तासाला जीप सुटू लागली. लोहा, अहमदपूर, चाकूर, उदगीर, मुखेड, देगलूर, किनवट. बाजाराच्या दिवशी, लग्नसराईत, माळेगावच्या खंडोबाच्या जत्रेला जीपा टपापर्यंत भरलेल्या. हुजूर साहिबला आलेले यात्रेकरू बिदरच्या नानक झिऱ्याला जायला गाड्या ठरवायचे. फेरी जितकी लवकर संपेल तितके पैसे जास्त. म्हणून ज्याच्या त्याच्या तोंडी एकच मागणी, गाडी पळाली पाहिजे. आठ-त्रेचाळीसवर ऐंशीने जायचं तर पेजोला ३२५० फेऱ्या कराव्या लागायच्या. इंजिन तेवढं फिरायला ना म्हणत नव्हतं, पण पंधरा-सोळा माणसं घेऊन मे महिन्यात दिवसभर तसं फिरवलं की ऑइल काळं पडायचं, हेड गॅस्केट जायचं. अकरा-सत्तेचाळीसवर त्याच ऐंशीला २६०० फेऱ्या. साडेसहाशे फेऱ्या मिनिटाला वाचल्या. ज्यांनी सेट बदलून घेतला, त्यांचं इंजिन जास्त चाललं, आवरेज वाढलं, हे आम्ही डोळ्यांनी पाहिलं.

आता कानाविषयी. चांगला मेकॅनिक रेस ऐकून फेऱ्या सांगतो असं लोक म्हणायचे आणि ते खरं होतं, पण तो कान आपोआप येत नाही, त्याला माप द्यावं लागतं. उस्तादांनी आम्हाला ते ट्यूबलाइटखाली दिलं. रात्री गॅरेजातले बल्ब बंद करायचे, एकच ट्यूब चालू ठेवायची. इंजिनाच्या क्रँक पुलीवर खडूची एक जाड पांढरी रेघ. जुनी चोकवाली ट्यूब सेकंदाला शंभर वेळा विझते-पेटते, डोळ्याला ते दिसत नाही, पण फिरत्या वस्तूला ती पकडते. रेस हळूहळू वाढवत न्यायची. पंधराशे फेऱ्यांना पुली सेकंदाला पंचवीस वेळा फिरते, एका फेरीत ट्यूब चारदा चमकते, आणि पुलीवर खडूच्या चार रेघा जागच्या जागी थांबलेल्या दिसतात. चौकोनाच्या कोपऱ्यांसारख्या. रेस थोडी सरकली की त्या हळूहळू फिरायला लागतात, मग विरून जातात. आणखी वाढवा, दोन हजाराला तीन रेघा थांबतात. तीन हजाराला दोनच, एकमेकीसमोर. मध्ये मध्येही रेघा थांबतात, पण जास्त आणि पुसट, त्यांच्याकडे बघायचं नाही. रेघा थांबल्या की डोळे मिटायचे आणि तो आवाज ऐकायचा. पंधराशेचा आवाज, दोन हजारचा आवाज, तीन हजारचा आवाज. हे महिनोन् महिने केलं की रस्त्याने जाणाऱ्या जीपचा आवाज कानात त्याच तीन खुंट्यांच्या मध्ये कुठेतरी जाऊन बसतो. त्या काळी आमच्याकडची वीज क्वचितच पुऱ्या पन्नास हर्ट्झची असायची, म्हणून पन्नास-साठ फेऱ्यांचा फरक धरायचा. पण जिथे प्रश्न पाचशे फेऱ्यांचा होता, तिथे तेवढ्याने बिघडत नव्हतं.

याहून मोलाची एक गोष्ट डॅशबोर्डवरच होती, आणि ती फार थोड्यांनी ओळखली. जीपचा स्पीडोमीटर चाकाच्या फेऱ्या मोजत नाही. त्याची केबल ट्रान्सफर केसच्या मागून निघते, म्हणजे तो प्रोपेलर शाफ्टच्या फेऱ्या मोजतो आणि कारखान्यात ठरलेल्या सेटच्या व टायरच्या हिशेबाने त्या किलोमीटर म्हणून दाखवतो. मागे सेट बदला, टायर बदला, त्याला पत्ता नसतो. टॉप गिअरमध्ये शाफ्ट आणि इंजिन एकाच वेगाने फिरतात. आठ-त्रेचाळीसच्या गाडीत काटा साठवर आला, म्हणजे इंजिन २४४०वर. त्याच गाडीत अकरा-सत्तेचाळीस घाला, ७.५०चे टायर घाला, काटा साठवर आला की इंजिन तेव्हाही २४४०वरच. रस्त्याबाबत काटा चुकीचं सांगू लागला, पण इंजिनाबाबत तो पहिल्यासारखाच खरा राहिला. लोक ज्या टॅकोमीटरविना चाचपडत होते, तो त्यांच्या समोरच होता, फक्त त्यावर आकडे दुसरे लिहिलेले. सेट बदलून दिला की मी मालकाला काचेवर ऑइलपेंटचे ठिपके देऊ लागलो. इथे दोन हजार, इथे अडीच, इथे तीन. या ठिपक्याच्या पुढे भरल्या गाडीत जायचं नाही. इंजिनातलं तेल बघण्याइतकीच ती सवय लावून घ्या, असं बजावून सांगायचो.

रस्त्याचा वेग मग रस्त्यालाच विचारायचा. किलोमीटरचे दगड सडकेच्या कडेला होतेच. एका दगडापासून दुसऱ्या दगडापर्यंत किती सेकंद लागले ते घड्याळात बघायचं आणि ३६००ला त्याने भागायचं. साठ सेकंद म्हणजे साठ, पन्नास म्हणजे बहात्तर, पंचेचाळीस म्हणजे ऐंशी. अकरा-सत्तेचाळीस आणि मोठे टायर अशा गाडीत काटा साठ दाखवत असताना दोन दगडांमधलं अंतर त्रेचाळीस सेकंदांत संपायचं. म्हणजे खरा वेग चौऱ्याऐंशी. हे मी ड्रायव्हरांना शेजारी बसून, घड्याळ त्यांच्या हातात देऊन दाखवायचो, कारण सांगून विश्वास बसत नसे. काटा साठवर आहे म्हणून निश्चिंत असलेला माणूस, मागे बायाबापड्या, पोरं, टपावर शेळी, आणि ब्रेक जुनेच, ६.००च्या चाकाच्या मापाचे. इंजिन वाचवायला केलेल्या बदलाने माणसं धोक्यात येत होती. त्या काळात या सडकांवर जे अपघात झाले त्यांतले किती यामुळे, हे मी सांगू शकत नाही. पण सेट बदलणाऱ्या प्रत्येक मेकॅनिकाने मालकाला एकदा तरी दगड मोजून दाखवायला हवे होते, आणि बहुतेकांनी ते केलं नाही. त्याचं मला आजही वाईट वाटतं.

दुसरी चूक उलट्या बाजूची. पळण्याच्या नादात लोकांनी तोच सेट रानातल्या गाड्यांनाही घातला. लातूरचं पठार नांदेडच्या गोदाकाठापेक्षा अडीचशे मीटरहून अधिक उंच. बालाघाटाची चढण लागली, की मोठ्या टायरची आणि अकरा-सत्तेचाळीसची गाडी पंचेचाळीसवर येईपर्यंत इंजिन तेराशे फेऱ्यांवर उतरलेलं असायचं. पेजोची ओढ दोन हजाराला, त्याच्या किती खाली हे बघा. धूर काळा, पाणी उकळलेलं, आणि ड्रायव्हर टॉप सोडायला तयार नाही, कारण टॉपमध्ये डिझेल कमी लागतं ही समजूत. माहूरच्या डोंगरात, किनवटच्या जंगलात तर याहून वाईट. पहिला लो टाकूनही इंजिनाच्या एका फेरीला गाडी सहाऐवजी साडेआठ सेंटीमीटर सरकायची. ऐकायला क्षुल्लक वाटतं. ओल्या काळ्या मातीत, दगडावर चाक चढवताना त्या अडीच सेंटीमीटरमध्ये क्लच जळतो. ३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला, त्यानंतर आमच्या नाक्यावरूनही भाकरी, औषधं, घोंगड्या घेऊन जीपा निघाल्या. सडक सोडून शेतातून वाट काढायची वेळ आली, तेव्हा जुन्या आठ-त्रेचाळीसच्या, फोर-बाय-फोर जिवंत असलेल्या गाड्या पोचल्या. पळणाऱ्या गाड्या सडकेवर उभ्या राहिल्या.

फोर-बाय-फोर जिवंत असलेल्या, असं मी म्हटलं, कारण बहुतेकांचं मारलेलं होतं. मागचा सेट बदलला तर पुढच्या हाउसिंगचाही बदलावा लागतो, नाहीतर पुढची आणि मागची चाकं वेगळ्या वेगाने फिरू बघतात आणि ट्रान्सफर केस मध्ये पिळला जातो. दोन सेटचा खर्च कोण करणार? पुढचा प्रोपेलर काढून कोपऱ्यात ठेवायचा, झालं. मालक नंतर तो भंगारात विकायचे. नांदेड-लातुरातल्या कितीतरी जीपा अशा अर्ध्या झाल्या. टायर बदलतानाही हीच काळजी. पुढे नवे, मागे रिमोल्ड, असं चालत नाही. पुरता घासलेला टायर नव्यापेक्षा घेरात अडीच-तीन टक्क्यांनी लहान असतो, साठला सत्तर फेऱ्यांचा फरक. चिखलात तो जिरून जातो, डांबरावर दात मोडतो.

बोलेरो आली २०००मध्ये आणि पुढे तिच्या डी.आय. इंजिनाने सगळा हिशेब जमिनीवर आणला. ताकद ३२०० फेऱ्यांना, ओढ त्याच्या निम्म्यालाच, १५००च्या आत, आणि पाचवा गिअर एकाहून कमी. आम्ही शेंदूर लावून जे करत होतो ते आता कारखान्यातून होऊन येऊ लागलं. काळी-पिवळीत बोलेरो आल्या, मग लहान गाड्या आल्या, घरोघरी मोटारसायकली झाल्या. तुळजापूर-लातूर-नांदेड सडक चौपदरी झाली. सेट बदलायला येणारं गिऱ्हाईक तुटलं. उस्ताद तोपर्यंत गेले होते.

अलीकडे पोरं येतात ती थार घेऊन, किंवा आजोबांची एम.एम. ५४० वखारीतून काढून. मोठे टायर हवेत, तेहेतीस इंची. मला मामा म्हणतात, आणि विचारतात की आर.पी.एम. किती पडेल. मी आधी कायद्याचं सांगतो. १९८८च्या मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आणि २०१९च्या जानेवारीतला सर्वोच्च न्यायालयाचा निकाल, कंपनीने ठरवलेल्या बांधणीच्या बाहेर जाता येत नाही, आर.टी.ओ.ला विचारल्याशिवाय हात लावू नका. मग हिशेब. नव्या थारच्या २५५/६५ आर १८ टायरची उंची ७८९ मिलिमीटर, तेहेतीस इंच म्हणजे ८३८. सहा टक्क्यांचा फरक. त्याच वेगाला फेऱ्या सहा टक्के कमी, आणि काटा शंभर दाखवेल तेव्हा गाडी एकशे सहावर. याहून जास्त काही होत नाही, घाबरायचं कारण नाही, पण दगड मोजून बघा.

जुन्या जीपवाल्यांना मात्र मी वेगळं सांगतो, आणि त्यांना ते नवल वाटतं. तेहेतीस इंची टायर भरल्या गाडीखाली अडीच मीटरच्या थोडा पुढे भरतो, २.५५ धरा. अकरा-सत्तेचाळीसवर साठला १६७५ फेऱ्या, पेजोला त्या चढावर पुरणार नाहीत. आठ-त्रेचाळीसवर २११०. लष्करी जीपच्या आठ-एकोणचाळीसला, ६.००-१६च्या टायरवर, साठला २२२० पडायच्या, म्हणजे हे जवळजवळ तिथेच आलं. तेव्हा मोठे टायर घालायचे असतील तर पळणारा सेट काढा आणि आठ-त्रेचाळीस शोधा, पुढचा आणि मागचा, दोन्ही. एके काळी किलोच्या भावाने गेलेल्या त्या सेटसाठी आता पोरं हैदराबादपर्यंत भंगारवाल्यांचे अड्डे धुंडाळतात. मिळाला, तर बसवायला माझ्याकडे आणतात. शेंदूर मी बाजारातून आणून ठेवलेला आहे.